कुठेतरी पाणी मुरतंय

"काय शोधताय?"

प्रश्न मागून आला तेव्हा मी टोमॅटोच्या रोपांच्या ट्रेखाली डोकं घालून उकिडवी बसले होते.

"कानातलं पडलं माझं," मी मान न वळवता म्हणाले. खोटं बोलायचं तर पटकन बोलावं. दिवसभर दुसऱ्यांचं खोटं पकडायची नोकरी असली की थोडंफार आपल्यालाही येतंच.

मी डोकं बाहेर काढून वर पाहिलं. हिरव्या जाळीतून गाळून आलेल्या उन्हात एक उंच माणूस झारी घेऊन उभा होता. झारी तिरकी झाली होती आणि पाणी थेट त्याच्याच चपलेवर पडत होतं. त्याला पत्ताच नव्हता. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी कानातलं नव्हे, त्याच्या खिशातलं काहीतरी शोधत होते.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी ती तिथे कायमचीच वस्तीला असते, पण एवढ्या जोरात ती क्वचितच चुकचुकते.

"पाणी," मी म्हणाले.

"काय?"

"पाणी सांडतंय तुमचं."

"अं... हो." त्याने झारी सरळ केली. "परत म्हणा बरं."

"काय परत म्हणू?"

"काही नाही." मग त्याने माझ्या कानांकडे नीट पाहिलं. "दोन्ही तर जागेवर आहेत."

माझा हात आपसूक कानाकडे गेला. "तिसरं होतं," मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

तो हसला. हसताना त्याच्या एका गालावर ओल्या मातीचा पट्टा होता तो वाकडा झाला, आणि मला तो पुसावासा वाटला. असं मला चौकशीवर असताना कधीही वाटत नाही. मी ते मनातल्या मनात टिपून ठेवलं, त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून.

"रोप हवंय का काही? की नुसतंच... तिसरं?"

मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. आमच्या घरात प्लॅस्टिकची फुलं आहेत, कारण आत्याच्या मते खऱ्या कुंडीत कोण काय अंडी घालून जाईल याचा भरवसा नाही. जगातलं एकच झाड मला नावाने माहीत होतं, आणि तेही झाड म्हणून नव्हे.

"शंकासुर," मी म्हणाले. "आहे?"

"आहे की. पण ते हल्ली कोणी मागत नाही. तुम्हाला कसं आठवलं?"

"मला ऑफिसात सगळे—" मी थांबले. "सगळे म्हणतात, चांगलं असतं म्हणून."

खरं म्हणजे ऑफिसात सगळे मलाच शंकासुर म्हणतात.

आमची कंपनी पाणी विकत नाही, पाण्याचे पैसे गोळा करते. प्रत्येक नळाला एक बोलकी पेटी बसवलेली असते. फोनवरून पैसे भरायचे, पेटी तेवढंच पाणी सोडते, आणि शिल्लक संपली की नळ बंद. पूर्वी अर्धं पाणी वाटेतच गायब व्हायचं आणि कुणाच्या बापाला पत्ता लागत नसे. आता लागतो. तो लावणाऱ्यांतली मी एक. आमच्या विभागाचं नाव लांबलचक आहे, पण शिपायापासून वरपर्यंत सगळे त्याला संशय विभाग म्हणतात.

या रोपवाटिकेच्या दोन गोष्टी मला खटकल्या होत्या. पहिली म्हणजे शेजारच्या कोणत्याही रोपवाटिकेच्या निम्मं पाणी इथे लागत होतं, आणि रोपं मात्र टवटवीत. झाडं काही हवेवर जगत नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. हा माणूस फोनवरून रोज अगदी एका दिवसापुरतंच पाणी भरायचा आणि संध्याकाळी ते पार तळाला न्यायचा. पेटी दोनदा सूचना देते. पाणी कमी झालं की एकदा, आणि शेवटची बादली उरली की पुन्हा एकदा. पहिल्या सूचनेलाच लोकांच्या तोंडचं पाणी पळतं आणि ते घाईघाईने पैसे भरतात. दुसऱ्या सूचनेपर्यंत कोणी थांबत नाही. हा रोज थांबत होता.

"कुठेतरी पाणी मुरतंय," आमचे साहेब म्हणाले. "शेवटच्या बादलीला पेटी काय करते ते तो रोज बघतोय. फसवायची युक्ती शोधतोय. चोरटी जोडणीही असणार. शुक्रवारपर्यंत खुलासा आणा, नाहीतर जोडणी बंद."

म्हणून मी ट्रेखाली डोकं घालून चोरटी नळी शोधत होते. नळी सापडली नाही. शंकासुराचं रोप मात्र पिशवीत घालून घरी आणावं लागलं.

आत्याने दार अर्धवट उघडून आधी रोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणी दिलं?"

"विकत घेतलं."

"तू? रोप?" तिने पिशवीला नाक लावलं. आत्या गॅसच्या टाकीचं सील दोनदा बघते, दुधाची पिशवी उजेडात धरते आणि शेजारीण गोड बोलली की दार आतून लावते. संशय हा आमचा घरगुती धंदा आहे, मी फक्त त्याचा पगार मिळवते. "विकणारा कोण होता?"

"होता एक रोपवाला."

"वय?"

"रोपाचं?" मी म्हणाले, आणि आत्याने डोळे बारीक केले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. या वेळी माझ्याकडे कारण तयार होतं. रोपाला पाणी किती घालायचं ते विचारायचं राहिलं होतं.

रोपवाला बाकावर बसून पिशव्यांत माती भरत होता. मला बघून तो इतक्या झटक्यात उठला की अर्धी माती खाली सांडली. मी टिपून ठेवलं. निर्दोष माणूस असा उठत नाही.

"किती घातलंत काल?" त्याने विचारलं.

"एक तांब्या."

"तांब्या..." तो हिरमुसला. "मोठं भांडं नाही का घरात?"

"आहे, पातेलं."

"त्याहून मोठं... कडी असलेलं..."

"डबा?"

"नाही हो. म्हणजे... आंघोळीला वगैरे तुम्ही काय वापरता?"

मी पर्स खांद्यावर चढवली. "माझ्या आंघोळीशी तुमचा काय संबंध?"

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "नाही, नाही... मला फक्त त्या भांड्याचं नाव..." त्याने असहायपणे कोपऱ्यातल्या निळ्या बादलीकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. तुम्ही काय म्हणता ते..."

"मी काहीच म्हणत नाही," मी म्हणाले. चौकशीतला पहिला नियमच तो. समोरचा जे वदवून घ्यायला बघतो तेवढं सोडून बाकी सगळं बोलावं.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. कुंड्यांच्या ओळीमागून त्याची वहिनी आली. पदर खोचलेला, हातात कात्री, आणि नजर अशी की आत्याची सख्खी बहीण शोभावी. विक्री आणि गल्ला तीच सांभाळत होती हे नंतर कळलं.

"मनावर घेऊ नका हो," ती मला म्हणाली. "आमचे भाऊजी हल्ली असेच बोलतात. माणसांशी धड बोलता येत नाही आणि संध्याकाळी भिंतीशी गप्पा मारतात."

"भिंतीशी?"

"पंपाच्या खोलीत. दार लावून. मी विचारलं तर म्हणतात, हिशेब करतोय. हिशेबाला कोणी अगं-तुगं करतं का?"

"वहिनी," तो म्हणाला, "ते गिऱ्हाईक थांबलंय बघ."

"कोणी थांबलेलं नाही," वहिनी म्हणाली, पण गेली. जाताना तिने मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा जोखून घेतलं.

पंपाची खोली, बंद दार आणि संध्याकाळ... मी तिन्ही टिपलं. आणि माझा चेहरा फार विचारमग्न दिसू नये म्हणून हाताला आलं ते मिरचीचं रोप उचललं. ते उचललं जाईना. पिशवीच्या बुडातून काहीतरी त्याला खाली धरून होतं. मी हिसका दिला.

"अहो, हळू. वात आहे ती."

"कसली वात?"

मी खाली वाकले, तो पण वाकला, आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. मी ओय म्हणाले, तो सॉरी म्हणाला, आणि मग आम्ही दोघं ट्रेखालच्या सावलीत, ओल्या मातीच्या वासात, नको तेवढे जवळ बसून राहिलो. पिशवीच्या भोकातून जुन्या कापडाची एक चिंधी लोंबत होती. तिचं टोक खाली आडव्या ठेवलेल्या जाड पाइपच्या खाचेत बुडालं होतं. पाइपात पाणी होतं. प्रत्येक पिशवीला अशी चिंधी होती, आणि ओळच्या ओळ त्या पाइपातून पाणी पीत होती. काल हा पाइप मी बाकाची आडवी दांडी समजले होते.

मी पिशवीतल्या मातीत बोट घातलं. वर कोरडी होती, आत गारेगार.

"दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं," मी हळूच म्हणाले. "वरून काही ओततच नाही तुम्ही."

"वरून ओतलं की अर्धं उन्हाला जातं आणि अर्धं जमिनीत. खालून दिलं की रोप स्वतःला हवं तेवढंच घेतं. झारी फक्त पानं धुवायला."

म्हणजे चोरटी जोडणी नव्हती. माझी पहिली शंका फिटली, आणि मला इतकं हलकं वाटलं की मीच माझ्यावर संशय घेतला.

"हे कोणी शिकवलं?"

"शिकवलं नाही कोणी. पण कोणीतरी एकदा फार मनापासून सांगितलं... पाणी जपून वापरा म्हणून. इतकं मनापासून, की नळी सोडून पाणी घालायची लाजच वाटायला लागली. मग हे सुचलं."

"कोणी सांगितलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "तेच शोधतोय."

मला कुठेतरी बारीक काटा टोचला. मिरचीला काटे नसतात.

"तुम्ही पाणी कंपनीच्या ना?" त्याने एकदम विचारलं.

माझा हात पर्सवर गेला.

"काल तिसरं कानातलं शोधत होतात, तेव्हा पर्समधून ओळखपत्राची पट्टी लोंबत होती. कंपनीचं नाव आहे तिच्यावर."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर आज तुम्ही आला नसतात."

एवढं सरळ उत्तर मला कोणी दिलं की माझी पंचाईत होते. लबाड माणसाशी कसं वागायचं ते मला ठाऊक आहे. मी पदर नसताना पदर सावरला आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "मग खरं सांगा. रोज शेवटची बादली उरेपर्यंत का थांबता?"

त्याने डोळे मिटले.

"परत म्हणा," तो अगदी हळू म्हणाला. "फक्त ते दोन शब्द."

"तुम्हाला हे हसण्यावारी न्यायचं आहे का? शुक्रवारपर्यंत खुलासा दिला नाही तर तुमची जोडणी बंद होणार आहे."

त्याने डोळे उघडले आणि वर, ट्रेमधल्या बोटभर रोपांकडे पाहिलं. "या उन्हात? वातीतलं पाणी संपलं की एका दिवसात सगळी माना टाकतील. पुढच्या हंगामाचं सगळं यातच आहे आमचं."

"म्हणूनच विचारतेय."

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळी पंपाच्या खोलीशी या. आधी मला एक खात्री करून घ्यायची आहे."

"कसली?"

"शंका आहे एक."

"शंका घ्यायचं काम माझं आहे," मी म्हणाले. तो पुन्हा तसाच हसला, मातीच्या पट्ट्यासकट. घरी जाताना मी चुकीच्या बसमध्ये चढले.

गुरुवारी मी ठरल्यापेक्षा लवकर पोचले. चांगला चौकशी करणारा नेहमी लवकर जातो. शिवाय मी केस धुतले होते, ते वाळायच्या आत दाखवायचे होते. यातलं खरं कारण कोणतं ते कोणी विचारू नये.

ऊन उतरलं होतं. पत्र्याच्या त्या खोलीत पंप घरघरत होता. मी दाराशी पोचले आणि तो बंद झाला. त्या अचानक पडलेल्या शांततेत आतून एका बाईचा आवाज आला. बारीक, दमलेला आणि थोडासा लाडिक.

"झालं? ...जाऊ मी आता?"

आणि त्यावर त्याचा आवाज. माझ्याशी बोलताना अडखळणारा तो माणूस अजिबात न अडखळता म्हणत होता, "थांब की जरा. रोज काय घाई असते तुला?"

मग शांतता. जवळच्या माणसांत असते तशी ती शांतता होती.

मी दार वाजवलं नाही. आल्या पावली परत फिरले. वहिनीने लांबून काहीतरी विचारलं, तेही मी ऐकलं नाही. रस्ताभर डोकं मात्र झकास चालत होतं, कारण अशा वेळी तेवढंच चालतं. म्हणजे बाई आहे. रोज येते, दार लावून. पाणी जपून वापरा म्हणून मनापासून सांगणारी तीच. बहुधा आमच्याच कंपनीतली असणार, पेटीच्या खाचाखोचा सांगणारी. आणि मला तुम्ही-तुम्ही करत, बादली-तांब्या करत, दोन दिवस झुलवत ठेवलं. तिला 'तू' आणि मला 'अहो, हळू'.

घरी मी शंकासुराला पाणी घातलं. तांब्याने. बराच वेळ घातलं.

"बुडेल ते," आत्या म्हणाली. "कोण आहे तो?"

"कोणी नाही."

"मग रडतेस कशाला?"

"डोळ्यात माती गेली."

"माती कुंडीत आहे." तिने माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. "दुसरी कोणी आहे का त्याची?"

आत्याला आत्या उगीच म्हणत नाही मी. मी मान डोलावली.

"बघितलंस तिला?"

"ऐकलं. दाराआडून."

"नुसतं ऐकलंस? आणि नोकरी करतेस संशय विभागात." आत्याने नाक मुरडलं. "फोनवर तर मी तुलासुद्धा ओळखत नाही. दोनदा विचारते, कोण बोलतंय म्हणून. आवाजाचा काय भरवसा."

मी तिचं ऐकलं नाही. प्रेमात पडल्याचं कळायला आणि त्यात फसल्याचं कळायला मला एकच संध्याकाळ मिळाली होती, आणि ती मी रडण्यात घालवली.

शुक्रवारी सकाळी मी अहवाल पाठवला. पाण्याची बचत वातीमुळे, चोरटी जोडणी नाही, एवढं प्रामाणिकपणे लिहिलं. शेवटच्या बादलीपुढे लिहिलं, खुलासा मिळाला नाही. साहेबांनी वाचलं, मान डोलावली आणि एक बटण दाबलं. शहराच्या टोकाला एक झडप बंद झाली. आमच्याकडे हे इतकं सोपं असतं.

फाइल मिटवायच्या आधी पेटीने गिऱ्हाइकाला दिलेल्या सूचना जोडाव्या लागतात. मी जोडते तेव्हा आधी ऐकून घेते. बाकीचे ऐकत नाहीत, मी ऐकते, कारण उद्या कोणी म्हणालं की पेटी चुकीचं बोलली तर? मी कानाला हेडफोन लावले.

पहिली सूचना. पाणी कमी उरले आहे. ठीक.

दुसरी सूचना. "शेवटची... बादली उरली आहे. कृपया पाणी जपून वापरा." बाईचा आवाज जरा दमलेला होता. मी बंद करायला हात पुढे केला, एवढ्यात एक खुर्ची करकरली, आणि तोच आवाज म्हणाला,

"झालं? ...जाऊ मी आता?"

मी बसल्या जागी गार पडले.

मी नवीन लागले तेव्हाची गोष्ट. पेटीला बाईचा आवाज हवा होता, आणि त्या दिवशी ऑफिसात सर्दी न झालेली बाई मी एकटीच होते. मला सामानाच्या खोलीत, बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून डोक्यावर चादर घेऊन बसवलं. सूचना संपता संपेनात. घसा कोरडा पडला होता, प्यायला घोटभर पाणी नव्हतं. शेवटची सूचना वाचताना 'पाणी जपून वापरा' हे मी इतकं मनापासून म्हणाले होते, की तसं पुन्हा मला जमणार नाही. मग चादरीतून डोकं काढून विचारलं, झालं? जाऊ मी आता? आणि पाणी प्यायला पळाले. ते शेपूट कापायचं राहून गेलं, आणि इतकी वर्षं कोणाला कळलं नाही, कारण शेवटच्या बादलीपर्यंत कोणी थांबलंच नाही.

एक जण सोडून.

परत म्हणा बरं. फक्त ते दोन शब्द. हे काय आहे? तेच शोधतोय... सगळं एकामागून एक माझ्या डोक्यात येऊन आदळलं. मी कालपासून ज्या बाईच्या नावाने बोटं मोडत होते ती हेडफोनमध्ये बसून मलाच विचारत होती, जाऊ का.

मी साहेबांच्या खोलीत घुसले. "साहेब, ती जोडणी उघडा. खुलासा मिळाला."

"काय खुलासा?"

मी सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे तुमचं म्हणणं, गिऱ्हाईक हे ऐकण्यासाठी रोज शिल्लक संपवतं."

"हो."

"तुमचा आवाज."

"हो."

"आणि त्याला उत्तर देतं."

"हो, साहेब."

"काय उत्तर देतं?"

"ते... अहवालात लिहायलाच हवं का?"

साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत होते. संशय विभागाचे साहेब व्हायला जशी नजर लागते तशीच ती होती, पण ओठांचे कोपरे ऐकत नव्हते. त्यांनी बटण दाबलं. झडप उघडली. मग ते म्हणाले, "ते शेपूट कापून टाका. सगळ्या पेट्यांमधून, आजच्या आज."

"एक पेटी सोडून..."

"सगळ्या," साहेब म्हणाले.

मी पोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. वहिनी दारातच उभी होती, हातात कात्री.

"आता काय बघायला आलात? दुपारपर्यंत बंद होतं पाणी. पाइपात साठलेलं होतं म्हणून रोपं वाचली. आणि काल भाऊजी तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते, तुम्ही आलात काय आणि पळालात काय."

"चुकलं माझं."

"रोपं वाचली, पण माझा दीर सकाळपासून मान टाकून बसलाय त्याचं काय?" ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून तिने कात्री खाली केली. "जा. पंपाच्या खोलीत आहे. हिशेब करतोय."

मी पत्र्याच्या दाराशी जाऊन उभी राहिले. पंप घरघरत होता. मग थांबला. आतून पेटी बोलली, आणि या वेळी मला माझा आवाज लख्ख ओळखू आला.

"शेवटची... बादली उरली आहे. कृपया पाणी जपून वापरा."

बस्स. त्यापुढे काही नाही. शेपूट दुपारीच कापलं होतं.

आत तो वाट बघत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग तो अगदी बिचकत म्हणाला, "अगं?"

पेटी गप्प होती.

"गेलीस?" तो म्हणाला, आणि ते त्याने ज्या आवाजात विचारलं त्यावर शंका घेण्याजोगं या जगात काही उरलं नव्हतं.

माझा घसा त्या चादरीखालच्या दिवसासारखाच कोरडा पडला होता. मी दाराला हात लावला, पण लोटलं नाही.

"झालं?" मी म्हणाले. "...जाऊ मी आता?"

आत काहीतरी धातूचं खाली पडलं आणि घरंगळत गेलं. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. आमच्या मध्ये फक्त पत्रा होता.

"थांबा की..." तो म्हणाला, आणि अडखळला. मग दार किलकिलं झालं. गालावर आजही मातीचा पट्टा होता, आणि चपला दोन्ही ओल्या.

"थांब की जरा," तो म्हणाला. "रोज काय घाई असते तुला?"

मी हात पुढे करून तो पट्टा पुसला.

"आज नाहीये," मी म्हणाले.